फेब्रुवारीच्या अंकातली काळी चौकट

१

कपाट उघडं होतं, आणि वही त्यात नव्हती.

कॅप्टन द्रोझ्दोव्हनं तिसऱ्यांदा कपाट उपसलं. जुने अंक, दोन शब्दकोश, हिरव्या फितीचं रीळ, एक एकटा मोजा. सगळं पलंगावर येऊन पडलं. तेक्लाबाई दारातच उभ्या होत्या. कॅप्टनचे धुतलेले हातमोजे द्यायला म्हणून त्या सकाळी आल्या होत्या, आणि पुडी अजून हातातच होती.

"नीट बघा, कॅप्टनसाहेब. पलंगाखाली गेली असेल."

"वह्यांना पाय नसतात, बाई. माणसांना असतात." कॅप्टन धपकन खुर्चीत बसला. "ही चोरी नव्हे. ही फितुरी आहे."

अठराशे पंचाण्णव सालचा मार्च. बाहेर बर्फ वितळत होता आणि पन्हाळी रात्रंदिवस गळत होत्या. व्हिल्ना शहराला त्या आठवड्यात स्वस्थ झोप नव्हती, आणि एस्पेरांतो मंडळाला तर नव्हतीच. सगळ्या जगाला बोलता यावी म्हणून मुद्दाम घडवलेली ही नवी भाषा जन्मून आठ वर्षं झाली होती. शहरात ती बोलणारी माणसं मोजून पाच. पण त्या वहीत बाहेरगावच्या त्रेचाळीस जणांची नावं आणि पत्ते होते: शाळामास्तर, तारबाबू, एक पाद्री, एक लष्करी डॉक्टर. परदेशात छापलं जाणारं त्यांचं मासिक सरकारनं नुकतंच बंद केलं होतं. आता ती वही शिपायांच्या हाती लागली, तर त्रेचाळीस दारं ठोठावली जाणार होती.

त्यातलं एक दार स्लोनीम गावातल्या अनिएलाचं होतं. तेक्लाबाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तीही विधवा, तीही उपासतापास करणारी. दोन वर्षं दर पंधरवड्याला तिचं पत्र यायचं. स्लोनीमची मंडळी तिकिटाचा खर्च वाचवायला सगळी पत्रं एकाच पाकिटात घालून मंडळाच्या सेक्रेटरीकडे पाठवत, आणि सेक्रेटरी ती बैठकीत वाटत; उत्तरंही त्यांच्याच हातून जात. तेक्लाबाईंना सख्खी बहीण नव्हती. अनिएलानं ती जागा केव्हा घेतली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"मंगळवारी किल्ली कुणाकडे होती?" कॅप्टननं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "झेलमनकडे. वहीला नवं कातडं चढवायचं म्हणून माप घेत होता. आणि सोमवारी शाळेतल्या फेलिक्सानं त्याला सेन्सॉर कचेरीच्या कारकुनाबरोबर पाहिलंय. दारात उभा राहून हसत होता. हसत, बाई!"

"हसणं हा काही गुन्हा नाही."

"त्या दारात आहे."

कॅप्टन शाकाहारी माणूस. कोंबडीलाही जीव असतो म्हणून तो बीटाचे कटलेट खायचा. पण झेलमनला जिवंत सोडायची त्याची तयारी दिसत नव्हती. रविवारी दुपारी बैठक घ्यायची, मतं टाकायची, आणि सगळ्या गावांच्या मंडळांना पत्र धाडायचं की झेलमन कार्पास हा खबऱ्या आहे, असं त्यानं जागच्या जागी ठरवून टाकलं.

झेलमन पुस्तकं बांधायचा. अशा पत्रानंतर त्याला व्हिल्नात कुणी एक पानही शिवायला दिलं नसतं. रस्त्यात गाठून हातपाय मोडले असते ते वेगळंच. आणि त्याला मंडळात आणलं होतं तेक्लाबाईंनी, स्वतःचा शब्द देऊन.

"आज गुरुवार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रविवारपर्यंत कुणाला काही लिहू नका. मी विचारपूस करते."

"तुम्ही? तुम्ही हातमोजे धुता, बाई!"

"तेच तर. डाग कशाचा आहे ते कळल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही."

२

किल्ली कुठे असते हे पाचही जणांना ठाऊक होतं: कॅप्टनच्या जुन्या लष्करी टोपीखाली, खिळ्याला. बुधवारी दिवसभर त्याच्या खोलीत ये-जा चालू होती. फेलिक्सा पुस्तक परत द्यायला आली होती. सेक्रेटरी सावित्स्की मंगळवारच्या बैठकीचं टिपण लिहून काढायला तासभर बसले होते. आणि कॅप्टन स्वतः तर तिथंच राहत होता. सरकारी पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाला अशी वही घरात ठेवून झोप येत होती का, हाही प्रश्नच होता.

तेक्लाबाईंनी वेशीवरच्या मेरीमाउलीसमोर रस्त्यातच, चिखलात गुडघे टेकून रोजची जपमाळ केली. पण मणी मोजताना दोनदा चुकलं. मग त्या मुलींच्या शाळेत गेल्या.

फेलिक्सा रुडोमिना मधल्या सुट्टीत जिन्याखाली भेटली. तिची बोटं खडूनं पांढरी झाली होती.

"मला विचारताय? विचारा. वही जाळा म्हणून मंगळवारी मीच ओरडत होते. इन्स्पेक्टरच्या हाती माझं नाव लागलं तर दुसऱ्या दिवशी मी घरी. आईला मग काय खाऊ घालू, व्याकरण?"

"म्हणून तू नेलीस?"

"न्यायची असती तर तुमच्या सगळ्यांच्या समोर चुलीत घातली असती. चोरून करण्याचा स्वभाव नाही माझा. तुम्हीच म्हणता ना, फेलिक्साच्या तोंडाला दार नाही."

हे खरं होतं. तेक्लाबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं.

"मंगळवारी शेवटी काय ठरलं होतं गं? मी प्रार्थनेला लवकर उठून गेले."

"जाळायची नाही असं ठरलं. मासिक आता टपालानं येणार नाही, तर कुठून तरी एखादा अंक मिळवायचा, हातानं नकला करायच्या आणि झेलमननं त्या वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर स्वतः नेऊन द्यायच्या. तो कातडं विकत घ्यायला गावोगाव फिरतोच. येत्या सोमवारी निघणार होता. आणि दोन दिवसांत वही गायब! आता सांगा, फिरणारा कोण होता?"

"आणि त्या कारकुनाशी तो काय बोलत होता? ऐकलंस?"

फेलिक्सा जरा गडबडली. "थोडंसं. मला वाटलं नावंबिवं सांगतोय. पण ते काहीतरी... शाईबद्दल होतं. शाईच्या पिंपाबद्दल."

"पिंपाबद्दल?"

"हो. 'पिंप तेच आहे का' असं विचारत होता. सांकेतिक शब्द असणार, दुसरं काय!"

घंटा वाजली. तेक्लाबाई जिन्याखालीच उभ्या राहिल्या. शाई हा शब्द त्यांना सांकेतिक वाटला नव्हता. उलट, फार ओळखीचा वाटला होता.

३

झेलमनच्या खोलीत सरसाचा वास भरला होता. तो सामान बांधत होता.

"पळतोयस?"

"नाही काकू, हवा बदलायला चाललोय." त्यानं मान वर केली नाही. "रविवारी मतं पडणार, सोमवारी दगड पडणार. मी शहाणा होऊन शनिवारीच निघतो."

"पळालास तर त्यांचंच खरं ठरेल."

"थांबलो तरी त्यांचंच खरं ठरेल! मी सांगितलं नाही का? कारकुनाशी शाईबद्दल बोलत होतो म्हणून सांगितलं. कॅप्टन म्हणाला, 'माझा घोडासुद्धा याहून बरं खोटं बोलायचा.'"

तेक्लाबाईंनी स्टुलावरचा पुठ्ठा बाजूला केला आणि बसल्या. "मला सांग. मी घोडा पाळला नाही कधी."

झेलमननं मोठा सुस्कारा सोडला.

"तुमच्यासाठीच विचारायला गेलो होतो, काकू. फेब्रुवारीच्या अंकावरची काळी चौकट आठवते ना?"

आठवायला ती विसरली कुठे होती! परदेशी कागद सेन्सॉर कचेरीतून यायचे. साहेबांना न रुचलेल्या मजकुरावर तिथं छापखान्याची काळी शाई फासत. कॅप्टनच्या जर्मन वर्तमानपत्रावर तर आठवड्याआड असा ठिपका असायचा, आणि तो काढायचं काम तेक्लाबाईंचं. तीस वर्षं कातड्याचे हातमोजे साफ करून त्यांचा हात बसला होता. बेंझिनचा बोळा, वर पावाचा गर, आणि सरकारनं झाकलेलं जग हळूहळू उघडं व्हायचं. एस्पेरांतोच्या मासिकाला मात्र कधी शाई लागली नव्हती. फेब्रुवारीत पहिल्यांदा शेवटच्या पानावर तळहाताएवढी काळी चौकट आली. बेंझिन हरलं. टर्पेंटाइन हरलं. तेक्लाबाईंचा पहिला पराभव. सेक्रेटरी म्हणाले होते, "कचेरीनं नवी शाई आणली असेल, बाई. मनाला लावून घेऊ नका."

"तुम्ही पूर्ण आठवडा तोंड पाडून होतात," झेलमन म्हणाला. "त्या कचेरीची दफ्तरं मीच बांधतो, म्हणून कारकुनाला विचारलं की बाबा, ही नवी शाई कसली? तो म्हणाला, कसली नवी? दहा वर्षं एकच पिंप चालू आहे, साहेब म्हणतात आधी ते संपवा. म्हणून हसत होतो आम्ही."

"मग ती चौकट कुठल्या शाईची?"

"तेही विचारलं. तो म्हणाला, तुमची ती भाषा आमच्याकडे कुणाला वाचता येते? आम्ही मासिक सोडतो नाहीतर अडवतो. काळं कुठे फासायचं हे कळायला आधी वाचता यायला नको का?" झेलमननं दोरी आवळली. "काकू, फेब्रुवारीच्या अंकाला कचेरीत कुणी ब्रश लावलेलाच नाही."

४

ते पान कॅप्टनच्या भिंतीवर होतं. काचेच्या चौकटीत.

दुसऱ्या कुणी असं केलं नसतं. पण मंडळाचा जीव एवढासा; पाच माणसं, आणि शहर त्यांना हसायचं. सरकारनं आपल्यावर शाई खर्च केली याचाच त्यांना इतका अभिमान वाटला होता, की ती खरंच सरकारची आहे का हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. कॅप्टननं चौकट स्वतःच्या हातानं बनवली होती.

"ते आमचं मानपत्र आहे," तो गुरगुरला. "कशाला हवंय?"

"एकदा पुन्हा प्रयत्न करते. आणि साहेब, रागावू नका, पण वही नाहीशी झाली तेव्हा तुम्हाला मनातून जरा बरं नाही का वाटलं?"

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. मग तो खिडकीकडे वळला. "वाटलं. एक मिनिटभर. पेन्शन आठवली. मग लाज वाटली आणि मी ओरडायला लागलो. तुम्ही काहीही म्हणा, मी मोठ्यानं ओरडतो तेव्हा बहुतेक लाजच वाटत असते." त्यानं चौकट खाली काढली. "न्या. पण फाडू नका."

हा माणूस चोर नव्हता. चोरानं पान सहज दिलं नसतं.

घरी आल्यावर तेक्लाबाईंनी पान टेबलावर पसरलं. ईस्टरपर्यंत चहात साखर नाही असं त्यांचं व्रत होतं. कडू चहाचा घोट घेत त्या त्या काळ्या डागाकडे बघत राहिल्या. बेंझिन तेलाला खातं. जे बेंझिनला दाद देत नाही, त्यानं तेल कधी पाहिलेलंच नसतं. मग ते कशाला दाद देईल?

पाण्याला. साध्या पाण्याला!

कातड्याच्या धंद्यात पाणी म्हणजे वैरी. एक थेंब पडला तर हातमोजा आखडतो. तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर पाण्याला जागा मिळाली नव्हती, म्हणूनच फेब्रुवारीत ते सुचलं नव्हतं. त्यांनी फडक्याचं टोक ओलं केलं आणि चौकटीच्या कडेला टेकवलं.

फडकं काळं झालं. खालची छापील अक्षरं जागची हलली नाहीत.

त्या वाचत गेल्या. संपादकांचं निवेदन होतं. व्हिल्ना मंडळानं कळवलेल्या त्रेचाळीस पत्त्यांवर आम्ही सभासदांची वार्षिक यादी पाठवली. त्यांपैकी एकतीस पाकिटं परत आली. टपालखात्याचा शेरा: असा माणूस इथे राहत नाही. मंडळानं खुलासा करावा. खाली त्या एकतीस जणांची नावं.

फडकं एकेक ओळ पुसत होतं. मिन्स्कचा तारबाबू मिन्स्कमध्ये नव्हताच. ग्रोदनोचा डॉक्टरही तिथे नव्हता. तेक्लाबाईंचा हात सावकाश व्हायला लागला. आता थांबावं असं वाटत होतं, आणि थांबवत नव्हतं.

सव्विसावी ओळ. अनिएला कोर्साक, स्लोनीम.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. देवघरासमोरची मेणबत्ती लावायची वेळ झाली होती. ती त्यांनी लावली. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या नावासाठी एक प्रार्थना म्हटली होती. जी बाई कधी नव्हतीच, तिच्यासाठी म्हटलेली प्रार्थना कुठे जाते? त्यांना कळेना. बसवेना, उठवेना. त्या खोलीत येरझारा घालत राहिल्या, आणि पावलांच्या तालावर एकच विचार फिरत होता: ती पत्रं कुणीतरी लिहिली होती. कुणीतरी बसून, जीव लावून लिहिली होती.

५

शनिवारी सकाळी त्यांनी येरोनिम सावित्स्कींचं दार वाजवलं. सेक्रेटरी रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढत. घरीही उताराच्या मेजावर एक पूल अर्धवट काढलेला होता. शेजारी दगडी वाटीत चिनी शाईची कांडी ओली होऊन पडली होती.

"या, तेक्लाबाई. चहा? तुमचा बिनसाखरेचा?"

"माझं व्रत तुम्हाला कुणी सांगितलं?"

सावित्स्कींनी किटली उचलली, पण ओतली नाही.

"मी कुणाजवळ बोलत नाही व्रतांबद्दल," तेक्लाबाई म्हणाल्या. "फक्त अनिएलाला लिहिलं होतं."

पन्हाळीचं पाणी टपटपत होतं. सावित्स्कींनी किटली खाली ठेवली.

"बसून ऐका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "ती चौकट कचेरीची नव्हती. पाण्यानं निघाली. पाण्यात उगाळलेली काळी शाई आपल्या पाचांत एकच माणूस वापरतो. अंक टपालातून आधी एकाच माणसाच्या हाती येतो. वहीत नावं एकच माणूस लिहितो. आणि झेलमन सोमवारी त्रेचाळीस दारं ठोठावणार म्हटल्यावर घाम फुटेल असाही एकच माणूस. वही शिपायांकडे गेलेली नाही. ती याच खोलीत आहे."

सावित्स्कींनी नकाशांची लांब पत्र्याची नळी उघडली. वही आत गुंडाळून बसवली होती. ती त्यांनी बाहेर काढून मेजावर ठेवली.

"पहिल्या वर्षी नऊच नावं होती," ते म्हणाले. "बैठकीला तीन माणसं. एक दिवस दोनच. मी घरी आलो आणि एक नाव तयार केलं, मिन्स्कचा एक तारबाबू. पुढच्या रविवारी त्याचं पत्र वाचून दाखवलं. तुम्ही पाहायला हवे होते सगळ्यांचे चेहरे! कॅप्टन तर रडले. मग मला थांबता येईना. त्या दिवसांत मंडळ तगलं ते त्या पत्रांवर, बाई."

"आणि झेलमन?"

"त्याच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं."

"आला तेव्हा?"

सावित्स्कींनी वहीची वळलेली कड सरळ केली.

"तुम्ही माणसं निर्माण केलीत, ते एक वेळ देव बघून घेईल," तेक्लाबाई म्हणाल्या. "पण जिवंत माणसावर काळं फासून तुम्ही स्वस्थ बसलात. त्या कचेरीतले लोक निदान पगार घेऊन फासतात. उद्या दुपारी तुम्ही स्वतः सांगायचं. मी सांगणार नाही."

"मला हाकलतील."

"हाकलतील."

६

रविवारी पाचही जण जमले. तेक्लाबाईंच्या शब्दाखातर थांबलेला झेलमन दाराजवळ उभा होता, पायाशी सामानाची वळकटी. सावित्स्कींनी वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं. कागदावरून वाचायला त्यांनी सुरुवात केली, पण दोन ओळींनंतर कागद खाली ठेवला.

कॅप्टननं वही उघडून मिन्स्कचं पान शोधलं.

"म्हणजे तारबाबू..." कॅप्टनचा आवाज फुटला. "माझ्या पोटदुखीवर औषध सुचवणारा तो तारबाबू?"

"तो मीच."

"लागू पडलं होतं हो ते औषध!" कॅप्टन ओरडला आणि पुढं काय ओरडावं हे न सुचून झेलमनकडे वळला. "झेलमन, मी गाढव आहे."

"गाढवाला मध्ये आणू नका, कॅप्टनसाहेब. त्या बिचाऱ्यानं कुणाबद्दल पत्र लिहायचं ठरवलं नव्हतं." झेलमन हसला नाही. माफी मिळाली म्हणून तीन दिवस परत मिळत नाहीत, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यानं वही ओढली. "खरी किती आहेत ती सांगा."

"बारा," सावित्स्की म्हणाले.

फेलिक्सा बोटांवर काहीतरी मोजत होती. "आपण पाच. म्हणजे सतरा."

"चार," कॅप्टन म्हणाला. "सेक्रेटरीपद आजपासून रिकामं."

"चारच धरा," झेलमन म्हणाला. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. "बारा दारं ना? सोमवारीच निघतो. पण कोण खरं आणि कोण खोटं, ते एकेक नाव घेऊन माझ्यासमोर बसून सांगायचं, सावित्स्कीसाहेब. एक चुकलं तरी मी परत येऊन तुमच्या दारात उभा राहीन."

तासभर नावं चालली. मग एकेक जण उठून गेला. कॅप्टन सावित्स्कींशी एक अक्षर न बोलता स्वतःच्याच खोलीतून बाहेर पडला आणि जिन्यावर जाऊन उभा राहिला.

तेक्लाबाई हातमोजे चढवत होत्या. सावित्स्की भिंतीकडे बघत म्हणाले, "मी तुम्हाला पत्र लिहीन. सगळं लिहीन. या खेपेला माझ्या नावानं."

"पत्र नको."

"मला समोर बसून बोलता येत नाही, बाई. कधीच आलं नाही. कागदावर मी..."

"कागदावर तुम्ही फार चांगले आहात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि लगेच खाली आला. दोन वर्षांची बहीण गेली होती आणि रडायला थडगंसुद्धा नव्हतं. ती पत्रं ज्याची होती तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता, टक्कल पडलेला, शर्टाच्या बाहीला शाई लागलेला. त्याला क्षमा करायची की नाही हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. पण तोंड न बघता ते ठरवणंही त्यांना जमणार नव्हतं.

त्यांनी चढवलेला हातमोजा काढला आणि खुर्ची ओढली.

"मी बावन्नाव्या वर्षी अख्खी भाषा शिकले. तुम्ही तोंडानं बोलायला शिका. बसा."

सावित्स्की बसले. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तेक्लाबाईंनी त्यांना एकही शब्द सुचवला नाही. मांडीवर हात ठेवून, त्यांच्याकडे सरळ बघत त्या थांबून राहिल्या.